वाचकांचे प्रश्न : करोनाकाळातला छातीचा सीटी आणि किरणांचा हिशोब

प्रश्न : 2021च्या दुसऱ्या लाटेत 19 दिवसांत माझे तीन वेळा छातीचे एचआरसीटी (फुफ्फुसातले बारीक तपशील दाखवणारे सीटी स्कॅन) झाले. एका सीटीत 300-400 एक्स-रेइतके किरण असतात, असं तेव्हा टीव्हीवर ऐकलं. मग 5-10 एक्स-रेइतकेच असतात, असंही वाचलं. खरं काय धरायचं? आता काही तपासणी करून घ्यावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : 300-400चा आकडा मे 2021च्या सुरुवातीला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितला होता. त्यावर इंडियन रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनने लगेच आक्षेप घेतला आणि आधुनिक मशीनवर हे प्रमाण 5-10 एक्स-रेइतकंच असतं, असं कळवलं. लोक गोंधळले, कारण प्रत्येक आकडा कोणत्या सीटीचा आणि कोणत्या एक्स-रेचा, हे कोणी उलगडून सांगितलं नाही.

समोरून काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेले किरण मोजायचं एकक) असतो. नेहमीच्या सेटिंगवर केलेल्या सीटीचा 5 ते 7. भागाकार केला की 250 ते 350 येतात. लो-डोस सेटिंगवर तोच सीटी 1 ते 1.5 मिलिसिव्हर्टमध्ये होतो, म्हणजे 50 ते 75 एक्स-रे. 10 एक्स-रेपर्यंत खाली यायचं तर सीटी 0.2 मिलिसिव्हर्टमध्ये करावा लागतो. अल्ट्रा-लो-डोस पद्धतीने ते जमतं, पण ती पद्धत सगळीकडे वापरली जात होती, असं मानता येणार नाही. म्हणून एक्स-रेची तुलना सोडा आणि स्वतःच्या स्कॅनचा आकडा काढा.

तो तुमच्या सीडीत बहुधा आहे. ‘डोस रिपोर्ट’ नावाचं एक पान बहुतेक मशीन आपोआप साठवतात. सीडीत ते नसेल तर सेंटरकडे मागा. त्यात ‘डीएलपी’ हा पूर्ण स्कॅनच्या डोसचा आकडा मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. त्याला 0.014ने गुणलं की मोठ्या माणसाच्या छातीसाठी मिलिसिव्हर्टमधला अंदाज मिळतो. समजा मशीनने सीटीडीआय (किरणांच्या माऱ्याचा आकडा) 10 मिलिग्रे दाखवला आणि स्कॅनची लांबी 35 सेंटिमीटर होती, तर दोन्हींचा गुणाकार म्हणजे डीएलपी 350 आणि डोस 4.9 मिलिसिव्हर्ट. लहान मुलांना हा गुणक लावू नका. शिवाय मशीनचा आकडा 32 सेंटिमीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावरून काढलेला असतो. त्यामुळे अगदी बारीक माणसाला प्रत्यक्षात त्याहून जास्त डोस मिळतो.

तुमचे तिन्ही स्कॅन नेहमीच्या सेटिंगवर, प्रत्येकी सुमारे 5 मिलिसिव्हर्टचे झाले असं धरलं तर एकूण 15 मिलिसिव्हर्टच्या आसपास होतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा साधारण सहा वर्षांचा नैसर्गिक वाटा झाला. किरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या बीयर-7 समितीचा अंदाज असा : 100 माणसांना प्रत्येकी 100 मिलिसिव्हर्ट मिळाले तर आयुष्यभरात एकाला त्यामुळे कर्करोग होईल आणि त्याच 100 पैकी 42 जणांना इतर कारणांनी होईल. या प्रमाणात 15 मिलिसिव्हर्टचा वाढीव धोका साधारण 650त एक. मुलं आणि तरुण स्त्रियांना तो याहून जास्त, साठीपुढे बराच कमी. स्कॅन संपला की अंगात किरण उरत नाहीत, त्यामुळे ‘किरण मोजणारी’ तपासणी किंवा ते ‘बाहेर काढणारं’ औषध यांवर एक रुपयाही खर्च करू नका.

तरीही तीनपैकी किती स्कॅन गरजेचे होते, हा तुमचा खरा प्रश्न असावा आणि तो रास्त आहे. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत केलेले निम्म्याहून अधिक सीटी नॉर्मल येतात, फुफ्फुसातले डाग साधारण दहाव्या दिवशी सर्वाधिक दिसतात. दुसऱ्या दिवशीचा नॉर्मल सीटी म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही आणि पाच दिवसांनी पुन्हा करायला लावतो. ऑक्सिजन 94च्या वर, दम लागत नाही, अशा रुग्णाला घरी ऑक्सिमीटर आणि तापाची नोंद जास्त उपयोगी होती. उलट ऑक्सिजन अचानक घसरला, डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याचा इशारा देणारा आकडा) चढला आणि फुफ्फुसात गुठळीची शंका आली, तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करायलाच हवा. तिथे आधी किती स्कॅन झाले हे मोजत बसू नये.

प्रश्न : मी सीटी टेक्निशियन आहे. पुन्हा अशी साथ आली तर छातीचा डोस कमी करण्यासाठी नेमकं काय बदलावं? इमेज खराब आली की रेडिऑलॉजिस्ट ओरडतात. – लातूर

उत्तर : फुफ्फुसात हवा असते, त्यामुळे डाग उठून दिसतात आणि थोडी दाणेदार इमेज न्युमोनियासाठी चालते. हे रेडिऑलॉजिस्टशी आधीच बोलून ‘लो-डोस चेस्ट’ हा वेगळा प्रोटोकॉल मशीनमध्ये सेव्ह करा. ऐनवेळी गर्दीत कोणी सेटिंग बदलत नाही.

सडपातळ रुग्णाला 120ऐवजी 100 केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) वापरलं तर एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) तेवढाच असताना डोस जवळपास एक तृतीयांश उतरतो. पण ऑटोमॅटिक करंट चालू असेल आणि नॉइजची (इमेजच्या दाणेदारपणाची) अपेक्षा तीच ठेवली, तर मशीन एमए (करंट) वाढवून ती बचत गिळून टाकतं. नॉइज इंडेक्स किंवा तुमच्या मशीनवरची तत्सम सेटिंग सोबत बदलावीच लागते. पिच (एका फेरीत टेबल किती सरकतं ते) वाढवून डोस उतरेल असं समजू नका, काही मशीन पिचबरोबर एमएही वाढवतात. बदलानंतर स्क्रीनवरचा सीटीडीआय वाचा, तो खोटं बोलत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित चूक म्हणजे सेंटरिंग. ट्यूब वरच्या बाजूला ठेवून टोपोग्राम (स्कॅनआधीचं आखणीचं चित्र) घेतला आणि टेबल उंच राहिलं, तर रुग्ण ट्यूबच्या जवळ जातो, टोपोग्रामवर जाड दिसतो आणि मशीन त्या ‘जाड’ माणसाला साजेसा डोस देतं. लेझरची आडवी रेघ काखेच्या मधोमध आणा. दोन्ही हात डोक्यावर घ्या. हात खाली राहिले तर एमए वाढतो आणि इमेजवर रेघोट्या येतात.

स्कॅन फुफ्फुसाच्या टोकापासून खालच्या कोपऱ्यापर्यंतच, मूत्रपिंडापर्यंत नाही. एकच फेरी, श्वास आत घेऊन, कॉन्ट्रास्टशिवाय. पातळ स्लाइससाठी (बारीक कापांसाठी) पुन्हा एक्स्पोज करायचं नसतं, त्याच डेटामधून रिकन्स्ट्रक्शन होतं, म्हणजे इमेज पुन्हा तयार होते. खोकणाऱ्या रुग्णाकडून ऑक्सिजन चालू ठेवून श्वास रोखायचा दोनदा सराव करून घ्या आणि स्कॅन खालून वर घ्या. श्वासाने तळचा भाग जास्त हलतो, तो आधी उरकला की पुढे श्वास सुटला तरी बिघाड कमी. वाया गेलेला स्कॅन म्हणजे डोस दुप्पट.

प्रश्न : सप्टेंबर 2020मध्ये सरकारने एचआरसीटीचे दर मशीनच्या स्लाइसनुसार (एका फेरीत किती काप घेतं त्यानुसार) 2000, 2500 आणि 3000 रुपये असे ठरवले होते. जास्त स्लाइसच्या महाग मशीनवर किरण कमी असतात का? – नाशिक

उत्तर : तसा थेट संबंध नाही. नव्या मशीनमध्ये बहुधा चांगलं सॉफ्टवेअर असतं, त्यामुळे कमी डोसवर इमेज साफ येते. पण ते वापरलंच नाही तर 128 स्लाइसच्या मशीनवरही डोस 16 स्लाइसइतका किंवा अधिक होतो. सेंटरला विचारायचं ते एवढंच : लो-डोस प्रोटोकॉल आहे का, आणि डीएलपी लेखी मिळेल का?

प्रश्न : पाच महिन्यांची गरोदर असताना सीटी करावा लागला. पोटावर शिशाचा एप्रन दिला नव्हता. बाळाला धोका? – पणजी

उत्तर : छातीच्या सीटीत गर्भाला 1 मिलिग्रेहूनही कमी डोस मिळतो, आणि 50 मिलिग्रेच्या आत गर्भात व्यंग निर्माण झाल्याचं दिसलेलं नाही. एप्रन नसल्याने फारसा फरक पडला नाही : गर्भापर्यंत जे पोचतं ते मुख्यतः आईच्याच शरीरात विखुरलेले किरण असतात, ते बाहेरच्या शिशाने अडत नाहीत.

प्रश्न : रिपोर्टवर ‘कोरॅड्स 5’ आणि ‘स्कोर 6/25’ दोन्ही होतं. आजार तीव्र होता की सौम्य? – ठाणे

उत्तर : कोरॅड्स म्हणजे हे डाग करोनाचेच असण्याची शक्यता, 5 म्हणजे खूप जास्त. आजार किती पसरला, ते स्कोर सांगतो : फुफ्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी 0 ते 5 गुण. 6 हा कमी पसाऱ्याचा आकडा. कोरॅड्स 5 पाहून घाबरून चार दिवसांत दुसरा सीटी करण्याचं काही कारण नव्हतं.