१/३५ मापाच्या पँथर रणगाड्याच्या मॉडेलच्या खोक्यात दोन-दोन प्रकारचे भाग आलेत. माझा ‘ए’ आहे, तर कोणते लावू?

तुमच्या प्रश्नातलं ‘माझा ए आहे, तर’ एवढं वाचलं आणि लिहायला बसलो. त्या ‘तर’पायी माझं एक बक्षीस गेलंय.

काही वर्षांपूर्वी मुंबईत मॉडेलांच्या एका प्रदर्शनात मी पँथर ए ठेवला होता. पँथर हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा; डी ही त्याची पहिली आवृत्ती, ए दुसरी, जी तिसरी. १९४३ च्या शरद ऋतूतला, म्हणजे ए नुकता बाहेर पडायला लागला तेव्हाचा. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, सात पेरिस्कोपांचा ओतीव कपोला (कमांडरची टेहळणीची घुमटी). हलच्या, म्हणजे खालच्या धडाच्या, पुढच्या तिरक्या पत्र्यावर मात्र मशीनगनसाठी पोस्टाच्या पेटीसारखी उभी झडप, बॉल माउंट (मशीनगनची गोल फिरती बैठक) नाही. सहा महिने रात्री जागून केलेलं काम. झिमेरिटच्या (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यावर द्यायच्या लेपाच्या) रेघा पुट्टीत एकेक ओढल्या होत्या, सौ. म्हणायची की एवढ्यात घराच्या भिंती रंगवून झाल्या असत्या.

परीक्षक आले. माझ्या मुलापेक्षा लहान. वाकून बघितलं आणि म्हणाले, “काका, टरेट एचा आणि हल डीचा? दोन किटचे भाग मिसळलेत तुम्ही.” मी सांगत होतो की ए म्हणजे मुळात नवा टरेट, हलमधला बदल मागाहून आला, बॉल माउंट १९४३ च्या अगदी अखेरीला बसायला लागलं. त्यांनी मोबाइल काढून बॉल माउंटवाल्या एचा फोटो माझ्यापुढे धरला. फोटो खराच होता, पण नंतरच्या गाडीचा. आजूबाजूला चार माणसं गोळा झाली, मग मीच गप्प बसलो. उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

मी तीस वर्षं भोसरीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काढली आहेत. डिझाइन बदललं की ड्रॉइंगचा नंबर त्या दिवशी बदलतो, पण रॅकवरचा जुना माल कुणी भंगारात घालत नाही. तो आधी संपवतात. काही दिवस लाइनवर दोन्ही भाग चालतात आणि रजिस्टरात मात्र एकच नंबर असतो. पँथर तर एका ठिकाणी बनतच नव्हता. न्युरेंबर्गला ‘मान’ ही कंपनी, बर्लिनला डाइमलर-बेंझ, हानोफरला एमएनएच, शिवाय डेमाग. या सगळ्यांनी एकाच सोमवारी झडप बंद करून बॉल माउंट बसवलं असेल, असं ज्याला वाटतं त्याने कधी शॉप फ्लोअर पाहिलेला नाही. (अक्षरांचंही काय, डीनंतर ए आणि एनंतर जी. त्यांच्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.)

म्हणून अक्षर बाजूला ठेवा आणि आधी महिना ठरवा. १९४३ ची झडपवाली गाडी करणार असाल, तर मँटलेटवर (तोफेभोवतीच्या पुढच्या चिलखतावर) तोफेच्या डाव्या बाजूला नेमदुर्बिणीची दोन भोकं हवीत. एकच भोक असलेला मँटलेट वर्षअखेरीपासूनचा. टरेटच्या बाजूंना पिस्तुलाची गोल बुचं ठेवा, ती डिसेंबरच्या सुमारास गेली. खाली हनुवटी असलेला मँटलेट खोक्यात असेल तर तो तसाच स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जोडून येतात त्या चौकटीवर, राहू द्या. तो सप्टेंबर १९४४ पासूनचा आणि जीचा आहे. आधीच्या गोल मँटलेटवर आदळलेला गोळा खाली घसरून हलचं छप्पर फोडायचा, म्हणून ती हनुवटी आली. सहा फटींचा डबड्यासारखा कपोला डीचा. झिमेरिट तुमच्या गाडीला हवंच, कारखान्यात ते सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झालं.

चाकांवरून रात्रभर भांडता येईल. कडेला १६ बोल्टांची जुनी, २४ ची नवी. पण आघाडीवर वर्कशॉपवाले हाताला येईल ते चाक चढवायचे, त्यामुळे नव्या गाडीवर एखाददुसरं जुनं चाक दिसलं तर ती चूक धरू नका. उलट, जुन्या गाडीवर सगळी नवी चाकं कशी आली याचं उत्तर मात्र तुमच्याकडे असायला हवं.

फोटो बघूनच करा, आणि एकाच गाडीचे बघा. तीन गाड्यांचे तीन फोटो जोडलेत की चौथीच गाडी तयार होते, जी कधी नव्हतीच. संग्रहालयातल्या गाडीवरही डोळे मिटून जाऊ नका. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला आहे तो पँथर युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी हानोफरच्या कारखान्यात उरलेल्या भागांतून जुळवून घेतलेला आहे. आपल्याकडे नगरच्या रणगाडा संग्रहालयात जर्मन ८८ मिमीची तोफ बघायला मिळते, पँथरसाठी मात्र फोटोच.

धुराड्यांबद्दल लिहायचं राहिलं. सुरुवातीच्या एला मागे दोन साधे पाइप, डावा एक, उजवा एक. डाव्या बाजूला तीन पाइपांचा जुडगा असतो तो मागाहून, १९४४ कडचा. इथे एक कबूल करतो, कारण नाहीतर कुणीतरी खाली प्रतिक्रियेत लिहीलच. माझ्या त्या १९४३ च्या गाडीला मी तीन पाइपांचा जुडगा लावला होता. दिसायला झकास, आणि किटमध्ये आला होता म्हणून. म्हणजे महिना चुकवला तो मीच. पण परीक्षकांनी टॉर्च मारून दहा मिनिटं बघितलं आणि पकडली ती बरोबर असलेली झडप!

तो पँथर अजून शोकेसमध्ये आहे. मागची बाजू भिंतीकडे करून ठेवलाय.