वाचकांचे प्रश्न : राउटर पंधरा, नियम किती?

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेचे मुख्य कार्यालय जळगावला असून चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, धुळे, साक्री, शिरपूर, नंदुरबार अशा मिळून १४ शाखा आहेत. सुरुवातीला सगळीकडे स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले ठरावीक रस्ते) होते. पुढे धुळ्याकडच्या शाखांसाठी आरआयपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच) आले. महिनाभरापूर्वी जळगाव–धुळे फायबर झाल्यावर कंत्राटदाराने त्यावर ओएसपीएफ (त्याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल) सुरू केले आणि जळगाव व धुळे या दोन्ही टोकांना दोन्ही प्रोटोकॉल एकमेकांत जोडून दिले. जुनी लाइन मात्र आरआयपीवरच आहे. तेव्हापासून शिरपूर आणि साक्री व्यवस्थित चालतात, पण साक्रीच्याही पलीकडे असलेले नंदुरबार लागत नाही. जळगावहून ट्रेसरूट (माहितीचे पॅकेट कोणकोणत्या राउटरांतून जाते ते दाखवणारा आदेश) केले, की जळगाव आणि धुळे हेच दोन पत्ते आलटून पालटून ३० ओळींपर्यंत दिसत राहतात. मुख्य राउटरची कॉन्फिगरेशन फाइल ९०० ओळींची झाली असून तिला हात लावायला कोणी धजावत नाही. मोठा राउटर घ्यावा काय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : घेऊ नये. नवा राउटर हीच चूक अधिक वेगाने करील.

आपल्याकडे काय घडते आहे ते क्रमाने पाहू. नंदुरबारचा रस्ता धुळ्याच्या राउटरला आरआयपीकडून कळतो आणि त्याचे अंतर (वाटेतल्या राउटरांच्या मोजणीने) ३ आहे. धुळे ही माहिती ओएसपीएफमध्ये ओतते आणि ती फायबरवरून जळगावला पोहोचते. जळगावला हाच रस्ता जुन्या लाइनवरून आरआयपीनेही कळलेला असतो. परंतु बहुतेक राउटरांत आरआयपीपेक्षा ओएसपीएफच्या सांगण्याला अधिक मान असतो (सिस्कोच्या राउटरांत हे आकडे अनुक्रमे १२० आणि ११० आहेत, आणि कमी आकडा जिंकतो), म्हणून जळगाव फायबरचा रस्ता धरते. इथवर काही बिघडलेले नाही. बिघडते ते पुढच्या पायरीवर. जळगावचा राउटर हीच माहिती पुन्हा आरआयपीमध्ये ओततो, आणि असे ओतताना खरे अंतर पुसले जाऊन कंत्राटदाराने लिहिलेला ठरावीक आकडा, बहुधा २, लागतो. धुळ्याला जुन्या लाइनवरून कळते, की नंदुरबार जळगावमार्गे २ वर आहे. त्याच्या जवळचे खरे अंतर ३ असल्याने तो खऱ्या रस्त्यावर पाणी सोडून खोट्याला लागतो. आता धुळे पॅकेट जळगावला देते आणि जळगाव ते धुळ्याला परत करते. शिरपूर आणि साक्री धुळ्यापासून १ वर असल्यामुळे या खोट्या आकड्याच्या तावडीत सापडत नाहीत. फक्त लांबची शाखा मरते. दोन्ही राउटर आपापल्या नियमाप्रमाणे अचूक वागत आहेत, म्हणूनच एकेकाची फाइल कितीही वेळा वाचली तरी त्यात दोष सापडत नाही.

तातडीचा उपाय लहान आहे. जळगावच्या राउटरवरील दोन्ही दिशांचे रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे हे ओतणे, काढून टाकावे. दोन प्रोटोकॉलांची गाठ फक्त धुळ्याला राहू द्यावी आणि तीही एकाच दिशेने, म्हणजे आरआयपीकडून ओएसपीएफकडे; उलट दिशेने धुळ्याने आपल्या शाखांना केवळ डीफॉल्ट रूट (वेगळा रस्ता माहीत नसलेल्या सगळ्या पॅकेटांसाठीचा एकच रस्ता) द्यावा. जुन्या लाइनवर आरआयपी बंद करून तिथेही ओएसपीएफच चालवावे आणि तिची कॉस्ट (ओएसपीएफचा रस्ता निवडण्याचा आकडा; कमी तो पसंत) फायबरपेक्षा जास्त ठेवावी. फायबर तुटल्यास वाहतूक आपोआप तिच्यावर येईल. दोन ठिकाणी दुतर्फा गाठी ठेवून प्रत्येक रूटला टॅग (तो कुठून आला हे सांगणारी खूण) लावण्याचा मार्गही आहे, आणि आरआयपीची दुसरी आवृत्ती टॅग वाहून नेऊ शकते. पण १५ राउटरांसाठी एवढा खटाटोप म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे होय. सवडीने एकेका शाखेतून आरआयपी काढत न्यावे. १५ राउटरांचे ओएसपीएफ एकाच एरियात (विभागात) आरामात बसते. ‘पुढेमागे लागतील’ म्हणून आत्ताच चार एरिया पाडू नयेत.

राहिला प्रश्न ९०० ओळींचा. ओळी किती आहेत यावरून गुंता कळत नाही. थिऑफिलस बेन्सन, आदित्य अकेला आणि डेव्हिड माल्ट्झ या संशोधकांनी २००९ साली प्रत्यक्षातील नेटवर्कांच्या फाइली तपासून दाखवले, की राउटरांची किंवा ओळींची संख्या हे गुंत्याचे माप नव्हे. एका ठिकाणची व्याख्या दुसरीकडे किती वेळा वापरली आहे आणि एक बदल करण्यासाठी किती जागा जुळाव्या लागतात, त्यात खरी अडचण असते. आपणही हे करून पाहावे. फाइलची छापील प्रत घ्यावी, लाल पेन घ्यावे आणि जिथे जिथे एखादी ओळ दुसरीकडच्या नावावर किंवा क्रमांकावर अवलंबून आहे तिथे रेघ ओढावी. इंटरफेसवर (राउटरच्या जोडणीवर) लावलेली ॲक्सेस लिस्ट (कोणती वाहतूक सोडायची, कोणती अडवायची याची यादी), रूट-मॅपमध्ये (रस्ते निवडण्या-बदलण्याच्या नियमांत) वापरलेली प्रीफिक्स लिस्ट (पत्त्यांच्या गटांची यादी), रीडिस्ट्रिब्यूशनमध्ये वापरलेला रूट-मॅप, सगळे. मी एका संस्थेची अशी प्रत पाहिली होती. तिच्यात १०५ क्रमांकाची ॲक्सेस लिस्ट तीन ठिकाणी लावलेली होती आणि त्या तिन्ही ठिकाणी तिचे काम वेगळे होते. छपाईच्या सोयीसाठी कोणीतरी तिच्यात एक ओळ घातली आणि परीक्षा विभागाचा सर्व्हर अदृश्य झाला. ज्या व्याख्येकडे एकही रेघ येत नाही ती काढून टाकता येते. जुन्या फाइलींत अशा बेवारस याद्या हमखास निघतात.

या रेघा मुळातूनच कमी व्हाव्यात असे वाटत असेल तर पत्त्यांची वाटणी नीट करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या बऱ्याच संस्थांत ज्या दिवशी शाखा उघडली त्या दिवशी जो पत्ता सुचला तो दिला जातो. मग ‘धुळ्याकडच्या शाखांना लेखा विभागाचा सर्व्हर बंद’ हा एक साधा नियम लिहायला नऊ ओळी लागतात, आणि दहावी शाखा उघडली की सगळ्या राउटरांवर फिरावे लागते. खासगी वापरासाठी १९९४ पासून राखून ठेवलेला, १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा गट प्रचंड आहे. जळगावकडे १०.१०.०.०/१६ (म्हणजे १०.१० ने सुरू होणारे सगळे पत्ते), धुळ्याकडे १०.२०.०.०/१६, नंदुरबारकडे १०.३०.०.०/१६ असे तुकडे पाडून शाखांना त्यातूनच पत्ते दिले, तर तो नियम एका ओळीत मावतो आणि नव्या शाखेला आपोआप लागू होतो. पांझरा नदीकाठच्या फड सिंचन पद्धतीत एका फडात एकच पीक असते, म्हणून पाटकऱ्याला दर शेताचा वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. तसेच हे आहे.

प्रश्न : भुसावळला बसून मी दूरच्या शाखांचे राउटर बदलतो. २०२१ मध्ये फेसबुकसारखी कंपनीही स्वतःच्या बदलामुळे बंद पडली, असे वाचले. आपल्यासारख्यांनी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण म्हणता तो दिवस ४ ऑक्टोबर २०२१. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशामुळे त्या कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळे खाली आले, असे आदेश अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनातच दोष होता, आणि मग डीएनएस सर्व्हरांनी (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकांनी) बीजीपीतून (इंटरनेटवरच्या मोठ्या जाळ्यांनी एकमेकांना रस्ते कळवण्याच्या प्रोटोकॉलमधून) आपले मार्ग मागे घेतले. सुमारे सहा तास सेवा बंद होती. दुरुस्तीची नेहमीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने तीही निरुपयोगी झाली.

माझी फजिती लहान होती. धुळ्याहून साक्रीच्या राउटरवर ॲक्सेस लिस्ट लावताना मी स्वतःलाच बाहेर काढले आणि केवळ एक ओळ पुसण्यासाठी एसटीने साक्री गाठली. त्या दिवसापासून सिस्कोच्या राउटरवर कोणताही बदल करण्याआधी मी ‘रीलोड इन १०’ हा आदेश देतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर स्वतःच जुन्या, जतन केलेल्या फाइलवर परततो. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ करून मगच बदल जतन करावा. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, आणि त्यात राउटर पुन्हा सुरूही करावा लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोन कंपन्यांचे इंटरनेट आहे. बीजीपी घ्यावे लागेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : आपले स्वतःचे सार्वजनिक पत्ते आणि एएस क्रमांक (बीजीपीत आपल्या जाळ्याची ओळख सांगणारा क्रमांक) नसतील तर गरज नाही. दोन डीफॉल्ट रूट टाकावेत आणि दुसऱ्याला कमी मान द्यावा. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी : कंपनीचा बिघाड पुढे कुठेतरी असला तर आपल्या भिंतीवरच्या पेटीतला दिवा हिरवाच राहतो आणि पहिला रूट टेबलातून हलत नाही. म्हणून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करून (‘आहेस का?’ असे विचारणारे छोटे पॅकेट पाठवून) उत्तर न आल्यास तो रूट काढण्याची सोय राउटरवर चालू करावी, आणि ती तपासताना आपल्या पेटीची केबल उपसू नये. मधला मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल यांना जोडणारे उपकरण) चालू ठेवून त्याच्यातली फायबर काढून पाहावी.