शाळांना दहापैकी नऊ रेटिंग असलेल्या गावात घर घ्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगी सातवीत आहे, गणित आणि जीवशास्त्र आवडतं. आमच्या शाळेला संकेतस्थळांवर दहापैकी सहा गुण आहेत. नऊ गुणांच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोकडे घर घ्यायचं तर कर्ज फार वाढेल. तिच्या करिअरसाठी हा भार उचलावा का?

उत्तर : ताई, केवळ त्या आकड्यासाठी उचलू नका.

या रेटिंगमध्ये परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं आणि गुणांवर घरच्या परिस्थितीची गडद छाया असते. पदवीधर आईवडील, घरात पुस्तकं, खासगी शिकवणी हे सगळं ज्या गावात आहे तिथल्या शाळेचे गुण चांगले दिसतातच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे (म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागांचे) गुण तपासले, तेव्हा सरासरी गुणांचा सांपत्तिक स्थितीशी घट्ट संबंध दिसला. मुलं दरवर्षी किती पुढे जातात याचा मात्र त्यामानाने बराच कमी.

म्हणून राज्याचा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' उघडा. त्यात 'स्टुडंट ग्रोथ' पाहा. आधीच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत मूल किती सरकलं, हे तिथे कळतं. 50 म्हणजे मधोमध. मग विद्यार्थी-गटांच्या (उदाहरणार्थ, कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं) ओळी वाचा आणि दोन्ही शाळांतल्या एकाच गटाची तुलना करा. एकूण सरासरीत दिसणारी दरी बऱ्याचदा इथे अरुंद होते.

पैशाचंही तसंच. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा वाटा शाळांना जातो, त्यामुळे महागडं गाव म्हणजे श्रीमंत शाळा असं वाटतं. पण शाळांच्या निधीवरच्या 'ॲबट विरुद्ध बर्क' या न्यू जर्सीतल्या खटल्यातले निकाल आणि 2008 चा शालेय निधी कायदा यांमुळे गरीब वस्तीच्या डिस्ट्रिक्टांना राज्याकडून मोठी मदत मिळते. नुसता दर विद्यार्थ्यामागचा खर्च पाहून शाळेची पारख होत नाही.

तुम्ही ज्या डिस्ट्रिक्टचं नाव घेतलंत, ते शिक्षणात खरोखर उत्तम आहे. पण 2015 मध्ये तिथल्याच सुपरिंटेंडेंटनी (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी) मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी लहान वयातच सुरू होणाऱ्या खास वर्गावरून पालकांतच फूट पडली, त्यात आपली भारतीय मंडळीही होती. तुमच्या लेकीला अशी चुरस मानवते की ती त्यात मिटून जाते, हे तुम्हालाच ठाऊक.

आता तिच्या कामाचं. काउंटीची एक मॅग्नेट अकॅडमी, म्हणजे निवडून प्रवेश देणारी खास विषयांची सरकारी हायस्कूल, एडिसनमध्ये आहे. गणित, विज्ञान, इंजिनिअरिंगवर भर आणि काउंटीच्या रहिवाशांना फी नाही. अर्ज आठवीत करायचा असतो. जागा थोड्या, निवड कडक, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका. सध्याच्या शाळेत आठवीत अल्जेब्रा मिळेल का, हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीचं) बायोलॉजी आणि कॅल्क्युलस आहे का, हे शाळेच्या कौन्सेलरला आधी विचारा. पुढच्या वर्षीचे विषय ठरण्यापूर्वी भेट घ्या आणि मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. हे विषय तिथे नसतील तर घर बदलायचा विचार रास्त आहे; तेव्हाही आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा.