वाचकांचे प्रश्न: पीएलसी अडकतो तेव्हा

प्रश्न : आमच्या प्रक्रिया उद्योगातील पीएलसीच्या (यंत्रे नियंत्रित करणारा औद्योगिक संगणक) उत्पादकाने सूचनापत्र पाठवले आहे. संगणक-जाळ्यावरून विशिष्ट रचनेचे पॅकेट (माहितीचा तुकडा) आल्यास उपकरण प्रतिसाद देणे थांबवते आणि वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडल्याशिवाय ते सुरू होत नाही, असे त्यात म्हटले आहे. माहिती चोरीला जात नाही, प्रोग्रामही बदलत नाही. मग या ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ दोषासाठी उत्पादन थांबवून फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याची निकड खरोखर आहे का?

उत्तर : कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत आपला युक्तिवाद बऱ्याच अंशी मान्य करता आला असता; पीएलसीच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण तेथे गुपितापेक्षा उपकरण अखंड चालू राहण्याला अधिक मोल असते.

असे दोष बहुधा अगदी साध्या गाफीलपणातून येतात. औद्योगिक उपकरणे जाळ्यावर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, त्यांपैकी मॉडबस टीसीपीचे उदाहरण घ्या. त्याच्या प्रत्येक संदेशाच्या आरंभी 7 बाइटचे शीर्ष असते आणि पुढे किती बाइट येणार हे त्यातच लिहिलेले असते. संपूर्ण संदेश 260 बाइटपेक्षा मोठा नसावा असा नियम आहे. परंतु फर्मवेअरने तो आकडा न पडताळता खरा मानला, तर न आलेल्या बाइटची वाट पाहत ते अडकून बसते किंवा राखून ठेवलेल्या जागेपलीकडची स्मृती खराब करते. मूळ मॉडबसमध्ये पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नसल्याने पोर्ट 502 पर्यंत (मॉडबस संदेश स्वीकारणाऱ्या जाळ्यावरील दारापर्यंत) पोहोचणारा कोणीही असा संदेश धाडू शकतो.

उत्पादकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की नेमके काय थांबते? फक्त संवादाचा भाग अडकला, तर नियंत्रणाचा प्रोग्राम चालू राहतो, मात्र पडद्यावरचे आकडे गोठतात आणि ऑपरेटर जुन्याच तापमानाकडे पाहत बसतो. मला हा प्रकार अधिक फसवा वाटतो. मुख्य प्रोसेसरच अडकला, तर वॉचडॉग टायमर (प्रोसेसर वेळेत काम करतो का, यावर लक्ष ठेवणारे घड्याळ) उपकरणाला फॉल्ट स्थितीत नेतो. त्यानंतर आउटपुट शून्यावर जातात की शेवटच्या मूल्यावर टिकून राहतात, हे जुळणीवर अवलंबून असते. थंड पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी या दोहोंतील फरक किती मोठा आहे, हे आपल्याला सांगायला नको.

यासाठी हल्लेखोरच हवा असेही नाही. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात जाळ्यावरील अतिरिक्त वाहतुकीमुळे पंपांचे वेगनियंत्रक निकामी झाले आणि तिसरी अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. उलट, डिसेंबर 2016 मध्ये युक्रेनच्या वीजजाळ्यावरील हल्ल्यात वापरलेल्या ‘इंडस्ट्रॉयर’ या घातक सॉफ्टवेअरमध्ये सीमेन्सच्या सिप्रोटेक संरक्षक रिलेंना (बिघाड होताच वीज तोडणाऱ्या उपकरणांना) निरुत्तर करणारे स्वतंत्र साधन होते. ते ज्या दोषावर बेतले होते, तो 2015 मध्येच जाहीर झालेला होता.

तरीही चालू संयंत्रात घाईने फर्मवेअर बदलू नये. ते काम नियोजित शटडाऊनमध्ये करावे. तत्पूर्वी प्रोग्रामची प्रत काढून ती उघडते याची खात्री करावी, कारण बॅटरी उतरलेल्या जुन्या पीएलसीचा वीजपुरवठा तोडल्यास प्रोग्रामच पुसला जाऊ शकतो. तोपर्यंत कार्यालयीन जाळे आणि नियंत्रणाचे जाळे यांमध्ये फायरवॉल ठेवून मोजक्याच संगणकांना पीएलसीशी बोलू द्यावे आणि जाळ्यातील स्विचवर ब्रॉडकास्ट (एकाच वेळी सर्व उपकरणांना जाणाऱ्या) वाहतुकीची मर्यादा घालावी.

प्रश्न : आमच्या उपकरणात हा दोष आहे का, हे पाहण्यासाठी जाळ्यावर स्कॅनर चालवला तर चालेल का?

उत्तर : चालू संयंत्रावर नको. जुनी उपकरणे साध्या पोर्ट स्कॅननेही (कोणती पोर्ट उघडी आहेत हे पाहणाऱ्या तपासणीनेही) अडकल्याची उदाहरणे आहेत. उपकरणावरील मॉडेल क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती सूचनापत्राशी ताडून पाहिली तरी उत्तर मिळते. प्रत्यक्ष चाचणी हवीच असेल, तर ती कपाटातील सुट्या पीएलसीवर करावी.