दोन हजारांत नाणी पारखायची तर मायक्रोस्कोप घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, निजामाची आणि सातवाहनांची नाणी जमवायला नुकती सुरुवात केलीय, हाताशी दोन हजार आहेत, तर यूएसबी मायक्रोस्कोप घ्यावा का; आणि स्टीरिओ फोटो, म्हणजे उठाव दाखवणारी दोन फोटोंची जोडी, घरी काढता येतो का. मी परभणीत राहतो, हीच नाणी जमवतो.

आधी सराफाचं १० पट भिंग आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. हे मी ठेच खाऊन शिकलो. आठवडी बाजारातून चारमिनार रुपया, म्हणजे चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा चांदीचा रुपया, घेतला, चकाकीवर भुललो. खरा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा असतो, माझा १० सुद्धा भरला नाही. भिंगाखाली धरला तर मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवरच्या उभ्या कापांना आडवी छेदणारी एक रेघ. साच्यात ओतलेला होता. ठशाने पाडलेल्या नाण्यावर अशी सांध्याची रेघ येत नाही.

मायक्रोस्कोप नंतर घ्या. खोक्यावरच्या ‘१००० पट’वर जाऊ नका, नाण्याला २० ते ५० पट पुरे. त्याहून मोठं केलं की अक्षर स्पष्ट होतं तेव्हा खालचा पृष्ठभाग धूसर होतो. त्याचे स्वतःचे दिवे मंद करून बाजूने बॅटरी धरा, नाहीतर चांदी नुसती पांढरी दिसते. शेवटचा निजाम उस्मान अली याच्या सुरुवातीच्या रुपयांवर चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर अर्धंच आहे, नंतर पूर्ण आलं. झिजलेल्या नाण्यावर हा फरक मला तिरप्या उजेडातच कळला.

आता स्टीरिओ फोटो, त्याला एक पैसा लागत नाही. नाणं आणि दिवा जागचे हलवायचे नाहीत. मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा, ३० सेंटीमीटर उंच. एक फोटो काढा, मोबाइल अडीच सेंटीमीटर उजवीकडे सरकवा, दुसरा काढा. मग उजवीकडून काढलेला फोटो डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे ठेवून डोळे तिरळे करत बघा. मधे तिसरं चित्र तयार होतं आणि मिनार वर उठून येतात. जागा उलट झाल्या तर तेच मिनार खोल गेल्यासारखे दिसतील. झीज कुठे आहे आणि ठसा मुळातच हलका कुठे उमटलाय, हे मला सपाट फोटोपेक्षा यात कितीतरी लवकर कळतं.

पैठणकडची सातवाहनांची शिशाची नाणी मिळाली तर चिंचेने किंवा लिंबाने अजिबात घासू नका, आहेत तशीच फोटोत टिपा. त्यांच्यावरची पांढरी भुकटी विषारी असते. हाताळून झाली की साबणाने हात धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका.