थर्मोस्टॅट कुठल्या भिंतीवर, फिल्टर किती जाड?

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

जळगावात एसी-फ्रीजचं दुकान आणि रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवायच्या चेंबरची कामं, हे माझं क्षेत्र. या वेळी मात्र पहिलं पत्र थेट बर्फाच्या मुलुखाबद्दलचं आलंय. त्याला जागा जास्त देतोय, कारण खानदेशातल्या बऱ्याच घरांतली पोरं आता तिकडे आहेत आणि आईबाप हिवाळ्यातच जाऊन अडकतात.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो, त्याने जुनं घर घेतलं आहे. तळघरात गॅसवर चालणारा फर्नेस म्हणजे घर गरम करायची भट्टी आहे आणि पत्र्याच्या डक्टमधून गरम हवा सगळ्या खोल्यांत जाते. भिंतीवरचा गोल थर्मोस्टॅट फार जुना झालाय. तिथला कंपनीचा माणूस म्हणतो, वायफायचा थर्मोस्टॅट घ्या आणि सोबत विजेवर चालणारं हवा साफ करायचं यंत्रही बसवा. आम्ही दोघं डिसेंबरमध्ये तिकडे जाणार. हिला धुळीची ॲलर्जी आहे. मुलगा म्हणतो, बाबा तुम्हीच ठरवा. काय घ्यावं?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भाऊ, थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून चालू-बंद करणारं बटण. तो महागाचा घेतला म्हणून घर जास्त गरम होत नाही, गरम करतो तो फर्नेस. आणि हवा साफ करणारी वस्तू कुठलीही घ्या, ती पंख्याच्या वाटेतच बसते. वाट अडली की फर्नेसचं बिनसतं. म्हणून विकणारा काय दाखवतो ते नंतर, तळघरातल्या मशीनला काय झेपतं ते आधी.

मुलाला सांगा, फर्नेसचा स्विच बंद कर, जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढ आणि तारांचा फोटो काढ. बारीक रंगीत तारा आणि शेजारी आर, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं दिसतील. ही २४ व्होल्टची लाइन. आर म्हणजे सप्लाय, डब्ल्यू गरम करायची, वाय थंड करायची, जी पंख्याची. आता सी अक्षराची तार आहे का ते बघायचं. वायफायच्या थर्मोस्टॅटला सतत वीज लागते आणि ती या सी तारेमुळे मिळते. जुन्या घरांत ती बऱ्याचदा जोडलेलीच नसते. कधी कधी भिंतीतल्या भोकात गुंडाळून कोंबलेली सापडते. नसेल तर अडॅप्टर लावावा लागतो किंवा नवी केबल ओढावी लागते. तो खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, हे त्या माणसाला स्पष्ट विचारा. सी तारेविना चालतो म्हणून विकलेल्या थर्मोस्टॅटची बॅटरी ऐन थंडीत उतरली तर मिनेसोटात ती गंमत नाही.

जुन्या गोल थर्मोस्टॅटच्या आत काचेची छोटी कुपी असेल आणि त्यात चकाकणारा थेंब हलत असेल, तर तो पारा. कचऱ्यात टाकायचा नाही. तिकडे तो वेगळा जमा करतात.

आता मोबाइलची गोष्ट. हे थर्मोस्टॅट मोबाइल कुठे आहे ते बघून घर रिकामं की भरलेलं ते ठरवू शकतात. मुलगा-सून सकाळी कामावर गेले, त्यांचे मोबाइल घराबाहेर पडले, की थर्मोस्टॅट समजतो घरात कुणी नाही, आणि तापमान उतरवतो. घरात तुम्ही दोघं शाल गुंडाळून बसलेले! तेव्हा तुम्ही असेपर्यंत ही सोय बंद ठेवा, नाहीतर तुमचे फोनही त्यात जोडून घ्या. खरं विचाराल तर घरात दिवसभर माणूस असेल, तर या हुशारीचा फायदा कमीच. तिकडच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा, की रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट उतरवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. पण ते तास कुठून काढणार? रात्री रजई घेऊन झोपल्यावर थोडं उतरवता येईल, तेवढंच. दिवसा ६८ फॅरनहाइट म्हणजे आपले २० अंश. वहिनींना गार वाटलं तर दोन अंश वाढवा, मुलाच्या बिलाची लाज बाळगू नका. तुमच्यापुरता साधा, आठवड्याचं वेळापत्रक लावता येणारा, मोठ्या आकड्यांचा थर्मोस्टॅट मला पुरेसा वाटतो. एक अट, फर्नेस एका टप्प्याचा (एकाच जोराने पेटणारा) आहे की दोन (कमी-जास्त जोराने पेटणारा), हे बघून त्याला जुळणाराच घ्या. काही नवे फर्नेस तर स्वतःच्याच कंपनीच्या थर्मोस्टॅटशी बोलतात, दुसऱ्याचं ऐकत नाहीत.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे जागा. केळीच्या चेंबरमध्ये मी हे रोज बघतो. चेंबर साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवायची असते. केळी पिकताना स्वतःच उष्णता सोडते. एखाद्याने सेन्सर थेट गार हवेच्या झोतात टांगला, की डिस्प्लेवर १६ दिसतात, मशीन बंद होतं आणि मधल्या थप्पीतल्या क्रेटमध्ये हात घातला तर घड कोमट लागतात. मालक म्हणतो, मशीन खराब आहे भो! मशीन ठणठणीत असतं. सेन्सरला जे दिसतं तेच तो सांगतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचंही तेच. तो गरम हवेच्या जाळीसमोर, खिडकीतून ऊन येतं तिथे, टीव्ही-दिव्याजवळ किंवा बाहेरच्या दारापाशी नको. घराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, माणसं जिथे वावरतात तिथे हवा. आणि त्याच्या मागचं तारेचं भोक बुजवून घ्यायला सांगा. भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्यातून येते आणि थर्मोस्टॅट फसतो.

आता हवा साफ करायचं. विजेवरच्या यंत्रात धुळीच्या कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर चिकटवतात. पत्रे स्वच्छ असतात तोवर काम चांगलं होतं. मळले की जोर कमी होतो, म्हणून ते दर एक-दोन महिन्यांनी काढून, धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावे लागतात. बर्फ पडत असताना तळघरात उतरून हे कोण करणार, ते आत्ताच ठरवा. शिवाय ही यंत्रं थोडा ओझोनही सोडतात आणि ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो. ॲलर्जीच्या माणसासाठी मी हे घेणार नाही.

मी घेईन तो घड्यांचा जाड फिल्टर. तिकडे फिल्टरला मर्व्ह नावाचा आकडा असतो. ८ आकड्याचा फिल्टर घरातली साधी धूळ आणि परागकण बऱ्यापैकी धरतो. १३ चा त्याहून कितीतरी बारीक कण पकडतो. मग सरळ १३ च का नाही? कारण जुन्या फर्नेसला बहुतेकदा एक इंच जाडीच्या फिल्टरचीच खाच असते. त्यात दाट कापड भरलं की हवा अडते. भट्टी तापते, सुरक्षेचा लिमिट स्विच ती बंद करतो, गार झाली की परत पेटते, असा खेळ सुरू होतो. फिल्टरच्या कडेने शिट्टी ऐकू येते, लांबच्या खोलीत गरम हवा पोचत नाही. चार इंची चौकटीत तेच कापड घड्या घालून कितीतरी जास्त मावतं, त्यामुळे हवा सहज जाते. म्हणून कंपनीच्या माणसाला सांगा, डक्टमधला हवेचा दाब मोजून दाखव आणि झेपत असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवून दे. त्यात ११ किंवा १३. पेटी बसत नसेल तर एक इंची ८ चाच लावा, पण दर महिन्याला उजेडात धरून बघा आणि काळा दिसला की बदला. फिल्टरवर बाण असतो, त्याचं टोक फर्नेसकडे.

आणखी एक. पंखा ‘ऑटो’वर असेल तर फर्नेस पेटतो तेवढाच वेळ फिरतो, म्हणजे हवाही तेवढाच वेळ गाळली जाते. थर्मोस्टॅट निवडताना दर तासाला काही मिनिटं नुसता पंखा फिरवण्याची सोय त्यात आहे का बघा. वहिनींसाठी वायफायपेक्षा ही सोय कामाची आहे.

फिल्टर धूळ धरतो, वायू धरत नाही. तिकडे वांगी भाजून भरीत करायचा बेत असेल तर वास फिल्टरने जाणार नाही, आधी धुराचा अलार्म मात्र वाजेल. शेगडीवरचा पंखा हवा घराबाहेर फेकतो की तिथेच फिरवतो, तेवढं बघून घ्या. आणि गॅसचा फर्नेस आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. या वायूला वास नसतो आणि कुठलाही एअर क्लीनर तो काढत नाही. अलार्म नसेल तर थर्मोस्टॅटच्या आधी तो आणा.

प्रश्न : आमचं घर डाळ मिलच्या मागच्या गल्लीत आहे. नातवाला दमा आहे. उन्हाळ्यात कूलर चालतो. आता एअर प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. किती मोठा घेऊ? खोली १२ बाय १० ची, उंची १० फूट.
(एक आजी, जळगाव)

उत्तर : आजी, कूलर आणि प्युरिफायर एका खोलीत, एका वेळी चालवू नका. कूलरला खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमट होतं. प्युरिफायरला दारं-खिडक्या बंद लागतात. उघड्या खिडकीत प्युरिफायर लावला तर तो गल्लीचीच हवा साफ करत बसतो.

म्हणून घ्यायचाच तर नातू झोपतो त्या खोलीत, हिवाळ्यात किंवा एसी असेल तेव्हा वापरायचा. तुमची खोली १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० होतात. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं ते. तो तासाला १७० घनमीटरच्या वर हवा. दुकानदार स्क्वेअर फुटांची भाषा करील, तुम्ही हा आकडाच विचारा. फिल्टर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण धरणारा हवा. आयोनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभार सोडायचं बटण असेल तर ते बंद ठेवा, त्यातूनही ओझोन येऊ शकतो. आणि घेण्याआधी बदली फिल्टरची किंमत विचारा, कारण खरा खर्च तोच.

उन्हाळ्यासाठी कूलरकडे बघा. गवताचे पॅड दर वर्षी बदलायचेच. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरा थर चढतो आणि हवा कमी येते. टाकीतलं पाणी शिळं ठेवू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासा. कूलरला कुबट वास येत असेल तर त्या हवेत नातवाला झोपवू नका. घरात केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरवा, उदबत्ती काही दिवस बंद ठेवून बघा. आणि पंपाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, प्युरिफायर आला तरी.

प्रश्न : मे महिन्यात एसी १६ वर ठेवला तरी खोली २५ च्या खाली जात नाही. गॅस कमी झाला असेल का?
(एक वाचक, शिरपूर)

उत्तर : असेलही, पण आधी रिमोट २५ वर आणा. १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. एसी त्याच्या ताकदीनेच गार करतो, फक्त १६ कधी येत नाहीत आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. बाहेर ४५ असताना खोलीत २५ मिळत असतील तर एसी आपलं काम करतोय. १ जानेवारी २०२० पासून नवे रूम एसी मुळातच २४ वर सेट होऊन येतात. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. पुढची जाळी काढून नळाखाली धरा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. छतावरच्या युनिटला दुपारभर ऊन लागत असेल तर वर सावली करा, पण त्याच्या हवेची वाट मोकळी ठेवून. एवढं करूनही फरक पडला नाही तर मग गॅस तपासा.

प्रश्न : गिझर सारखा बंद पडायचा. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून ‘डायरेक्ट’ करून दिला, आता झकास चालतो. पाणी मात्र फार उकळतं. चालेल ना?
(एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही चालणार. हे वाचून होताच मेन स्विच बंद करा. टाकीच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की हीटर बंद करतो. तो फसलाच तर जास्त तापल्यावर वीज तोडणारं कटआउट, आणि तेही चुकलं तर वाफ सोडायला व्हॉल्व्ह. तुमच्याकडे पहिला गेला आहे. मिस्त्री ‘डायरेक्ट’ म्हणाला त्यात कटआउटही बायपास झालं असण्याची शक्यता आहे, आणि व्हॉल्व्हवर क्षार बसून तो जाम झाला असेल तर बंद टाकीतला दाब फुटूनच बाहेर येतो. गिझर सारखा बंद पडत होता म्हणजे थर्मोस्टॅट खराब झाला होता किंवा कॉइलवर क्षार चढले होते. दोन्ही दुरुस्त होतात. मॉडेल नंबर दाखवून तोच थर्मोस्टॅट आणा, कटआउट आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या, अर्थिंग बघून घ्या. आणि हे काम दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घ्या. तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा.