अकरा गाण्यांपैकी पाच

नौपाडा, ठाणे

प्रिय लेखिकाबाई,

रविवारी तुमच्या संगीत नाटकाचं वाचन संपल्यावर तू विचारलंस, "ताई, कसं वाटलं?" आणि मी चहा टाकायला आत पळाले. सगळ्यांसमोर बोलले असते तर तुझ्या संगीतकार मित्राला वाटलं असतं मी तुझी बाजू घेतेय, आणि तुला वाटलं असतं त्याची. म्हणून हे पत्र. त्यालाही वाचायला दे, पण तू आधी वाच.

नाटकाला घणसोलीच्या धवलारीण आजीचं पात्र तुला सापडलं, हे मोठं नशीब. आगरी लग्नाचा विधी धवला, म्हणजे परंपरेची लग्नगाणी, गाऊन पुढे नेणारी बाई, आणि नातीच्या लग्नात तिच्यासाठी हॉलवाल्यांकडे वेळच नाही. माणसं मध्येच गायला का लागतात, या प्रश्नाला संगीत नाटकवाले घाबरून असतात. तुझी आजी गातेच. तो प्रश्न तू पहिल्या पानावरच मिटवलास.

मग अकरा गाणी कशाला? मी पेन्सिलीने खुणा केल्यात. सहा ठिकाणी आजी जे बोलते तेच लगेच गाते. "माझ्याबरोबर हे जाईल" असं वाक्य, आणि पाठोपाठ तेच चार कडव्यांत. 1911 साली 'मानापमान' हे संगीत नाटक बघायला येणारा माणूस गाण्यासाठी यायचा. वन्समोअर आला की नाटक थांबायचं आणि कुणाची तक्रार नसायची. तुमच्या प्रेक्षकाचं अर्धं लक्ष ट्रान्सहार्बर मार्गाच्या शेवटच्या लोकलकडे असणार. गाणं हवं असेल तर त्याच्या आधीचं वाक्य खोड. वाक्य जीव की प्राण असेल तर गाणं खोड. माझ्या मते सहाही ठिकाणी वाक्यच सरस आहे, आणि हे तुझ्या संगीतकार मित्राला आवडणार नाही.

चाल आधी की शब्द आधी, यावरून तुमची जुंपली होती ना? 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि त्या चालींवर खाडिलकरांचे शब्द. तेव्हा चालीवर लिहिण्यात कमीपणा मानू नकोस. फक्त चाल हातात आली की शब्द लिहिण्याआधी ती चार दिवस तोंडात घोळव. कुठला सूर लांबतोय ते बघ. तिथे 'आ' किंवा 'ए' ठेव. दुसऱ्या गाण्यात वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, तू 'मिटू' ठेवलायस. ओठ मिटूनच राहतात, बिचारी मुलगी तान कशी घेणार? आणि ह्रस्व अक्षरावर ठेहराव आला की 'मन'चं 'मान' होतं. तोच अर्थ हवा असेल तर गोष्ट वेगळी! द्रुत लयीत जोडाक्षरं गिळली जातात, ती संथ ओळींसाठी राखून ठेव. हे कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही, विंगेत उभं राहून माझेच शब्द कुणाला कळत नाहीयेत हे ऐकत शिकले.

उलट तुझा मित्र चाल बांधतो ती स्वतःच्या पट्टीत. आजीचं काम करणारी मुलगी त्या पट्टीत खाली पोचतच नाही, रविवारी नुसती पुटपुटत होती. पात्रं ठरल्यावर प्रत्येकाची पट्टी वहीत लिहून घ्या. साथीचा ट्रॅक रेकॉर्ड करायची घाई तर अजिबात नको. एकदा ट्रॅकवर पैसे घातले की दोन ओळी कापायलाही जीव होत नाही.

नवरीच्या वडलांचं, म्हणजे आजीच्या मुलाचं, काम करणाऱ्या पोराला सूर नाही, हे तुम्ही सगळे जाणता आणि कुणी बोलत नाही. त्याला काढू नका, फार चांगला नट आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापलं भाषण तिथल्या तिथे रचून बोलायची. पात्रांनी स्वतः गाण्याची रीत किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतल'पासून रुळली. मग वडलांचं गाणं आजीने का म्हणू नये? मुलगा गप्प उभा आहे आणि त्याच्या मनातलं आई गातेय. मला तर ते आत्ताच्यापेक्षा जास्त टोचेल.

आता तुला न आवडणारं. कोरसचं सातवं गाणं तू त्या दिग्दर्शक पोराला लिहायला दे. तो कोपरखैरण्याचा, हळदीच्या रात्री घरात जागलेला. तुझे शब्द छान आहेत, पण पुस्तकातले वाटतात. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही तासन् तास गप्पा मारता. त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. नाटक रंगमंचावर आलं 1919 मध्ये, गडकरी गेल्यावर. पदं दुसऱ्याची म्हणून गडकऱ्यांचं नाव पुसट झालं का?

आणि कागद करा. हसू नकोस. कॉलेजात असताना मी आणि एका मित्राने मिळून एक संगीत एकांकिका लिहिली. रात्री तलावपाळीला फेऱ्या मारत गाणी जुळवली. कुठला शब्द त्याचा, कुठला सूर माझा, सांगता येऊ नये असं वाटायचं. चार-पाच वर्षांनी त्यातली एक चाल त्याने दुसऱ्याच शब्दांवर एका कार्यक्रमात वापरली. मी भांडले, त्याचा फोन घेणं बंद केलं. पुढे एका वकीलबाईंनी समजावलं: 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे नुसतं संगीत, शब्द त्यात धरत नाहीत. ज्यात दोघांचा वाटा वेगळा काढता येत नाही, तेवढंच संयुक्त. म्हणजे चाल त्याची होती, शब्द माझे, आणि 'आमचं गाणं' फक्त माझ्या डोक्यात. तो कायद्याने बरोबर होता. विचारायला हवं होतं, हे मात्र मी अजून म्हणते.

तुम्ही दोन पानं लिहा. संहिता कुणाची, पदं कुणाची, चाली कुणाच्या, दुसरीकडे वापरायचं तर कुणाला विचारायचं, पोस्टरवर नावं कुठल्या क्रमाने. कुणी निर्माता हक्क मागायला आला तर मुदत लिहून घ्या. लेखी करारात मुदतच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि ज्या आजींकडून तू धवले ऐकलेस त्यांना विचारून त्यांचं नाव श्रेयनामावलीत घाल. चाल परंपरेची असेल, पण तुला ती त्यांच्या गळ्यातून मिळाली.

तरी सगळं कागदावर मावत नाही. 'घाशीराम कोतवाल' नाटकातली ती माणसांची रांग घे: भिंत होते, पडदा होते, नाचते, गाते. लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार चंदावरकर, नृत्यं बसवणारे मुळगुंद, यांतलं कुणाचं किती, कसं वेगळं करशील? रविवारी चौथ्या प्रवेशात बायका तांदूळ निवडता निवडता ठेका धरतात, तेव्हा मला तसलं काहीतरी दिसलं. तो ठेका कुणी सुचवला हे तुमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. तिथे एकही शब्द वाढवू नकोस.

पुढच्या रविवारी चारला या. पाच गाण्यांचा खर्डा आण, सहावं आणलंस तर वाचणार नाही. पेटी आणू नका, माझी आहे. काळी दोनचा सूर जरा उतरलाय, तेवढं सांभाळून घ्यायला त्याला सांग.

तुझी,
ताई